मशिदीच्या टाकीवरची सौर पेटी जुलैत का गप्प झाली?

मागच्या पावसाळ्यातला एक जुम्मा. खुतब्याला अर्धा तास उरलेला, लोक वुजूखान्यात आलेले आणि नळ कोरडे. मुअज्जिन चाचांच्या खोलीत भिंतीवर लावलेल्या डब्यावर मात्र हिरवा दिवा लागलेला. हिरवा म्हणजे टाकी भरलेली. तो डबा आमच्या शाळेच्या मुलांनी बनवलेला होता, म्हणून चाचांनी त्यावर भरवसा ठेवून पंप लावला नव्हता. त्या दिवशी चाचा आम्हाला एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमचा दिवा तर हिरवा होता."

हे वाक्य आम्हाला फार लागलं. कारण ही सगळी खटपट चाचांसाठीच होती. चाचा साठीच्या पुढचे. रोज फजरच्या आधी अंधारात लोखंडी शिडी चढून, टाकीत टॉर्च मारून पाणी किती आहे ते बघायचे. कोकणातल्या पावसात ती शिडी कशी होते ते सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी ते घसरले आणि महिनाभर गुडघा धरून बसले. तेव्हा नववीच्या मुलामुलींनी ठरवलं की टाकीचं पाणी खालीच कळलं पाहिजे. टाकीपाशी विजेची सोय नव्हती, म्हणून सौर पॅनेल लावलं. मार्च ते मे पेटी छान चालली. जुलैच्या मध्यावर गप्प झाली.

ती का गप्प झाली, याचा शोध घेताना आम्ही जे शिकलो ते इथे मांडतो आहोत. मशिदीची टाकी असो, शेतातली विहीर असो की आंब्याची बाग, सौरऊर्जेवर चालणारी छोटी बिनतारी यंत्रं आता सगळीकडे दिसू लागली आहेत आणि बहुतेकांचं दुखणं हेच असतं.

पेटीत असतं काय?

टाकीच्या झाकणाखाली एक सेन्सर बसवलेला आहे. तो आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. आवाज पाण्यावर आपटून परत येतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खोल आहे ते कळतं. हे गणित करायला एक छोटा चिप-बोर्ड आहे, बाजारात ईएसपी८२६६ नावाने मिळतो. तोच वायफायवरून खालच्या डब्याला निरोप पाठवतो. टाकीवरच्या पेटीला वीज देण्यासाठी १ वॅटचं, तळहाताएवढं पॅनेल आणि २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम बॅटरी आहे. खालचा डबा मशिदीच्या इन्व्हर्टरवर चालतो, त्याची चिंता नाही.

मिलिअँपिअर-तास हा शब्द घाबरवणारा वाटतो, पण मोबाइलच्या बॅटरीवर हाच लिहिलेला असतो. उर्दू पुस्तकात बर्की रौ, मराठी पुस्तकात विद्युतधारा आणि दुकानात करंट, तिन्ही एकच. करंट मिलिअँपिअरमध्ये मोजला आणि तो किती तास वाहिला त्याने गुणलं, की खर्च निघतो. आमची बॅटरी म्हणजे २००० चं पाकीट. रोज किती येतात आणि रोज किती जातात, एवढाच सगळा प्रश्न. घरखर्चाच्या वहीत असतो तोच.

पहिला हिशोब: कामाचा खर्च

हा बोर्ड वायफाय चालू ठेवून सतत जागा राहिला तर साधारण ८० मिलिअँपिअर खातो. २४ तासांचे झाले १९२०. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी एका दिवसात संपली. म्हणून अशी यंत्रं सतत जागी ठेवत नाहीत. त्यांना झोपवतात, ठरलेल्या वेळी उठवतात, काम करून घेतात आणि पुन्हा झोपवतात.

आमची पेटी दर १५ मिनिटांनी उठायची, दिवसातून ९६ वेळा. उठली की वायफायच्या राउटरला जोडून घ्यायची, निरोप द्यायची आणि झोपायची. यात सुमारे ५ सेकंद जायचे आणि करंट सरासरी १०० मिलिअँपिअर. हिशोब केला तर एका वेळचा खर्च ०.१४ मिलिअँपिअर-तास आणि दिवसाचा साधारण १३. झोपेतला खर्च? चिपच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं २० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका मिलिअँपिअरचा पन्नासावा भाग. दिवसाला अर्धा मिलिअँपिअर-तासही नाही.

कागदावर रोजचा खर्च १४ च्या आत. बॅटरी २००० ची. पॅनेलवर ऊन पडलंच नाही तरी चार महिने चालावी. मग ती जुलैत कशी मेली?

दुसरा हिशोब: झोपेतला खर्च

बहुतेकांनी सांगितलं, पॅनेल लहान आहे, १० वॅटचं आणा. एका भल्या माणसाने पैसेही देऊ केले. आम्हालाही तेच वाटत होतं. पण मुलांना म्हटलं, आणण्याआधी एकदा मोजून तर बघू.

पेटी खाली उतरवून शाळेत आणली, बॅटरी चार्ज केली आणि संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करून ती उघडली. नववीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, पेटी झोपली आहे ना? मग हा लाल दिवा कोणासाठी जळतोय?"

बोर्डवर राईच्या दाण्याएवढा लाल एलईडी होता. बोर्डला वीज मिळते आहे एवढंच सांगण्याचं त्याचं काम. बंद पेटीत, टाकीच्या वर, तो चार महिने रात्रंदिवस जळत होता आणि बघायला कोणी नव्हतं.

मग मल्टिमीटर लावला. पेटी झोपलेली असताना करंट यायला हवा होता ०.०२, आला सुमारे ५ मिलिअँपिअर. अडीचशे पट! चिप खरोखर झोपलेली होती, पण तिच्या भोवतीचं घर जागं होतं. लाल दिवा जागा, संगणकाला जोडण्यासाठी बोर्डवर असलेली यूएसबीची चिप जागी, व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर जागा आणि आवाज सोडणारा सेन्सरही जागा, कारण त्याला आम्ही थेट बॅटरीवर जोडलेलं होतं.

५ ला २४ ने गुणा, १२० झाले. कामाचा खर्च १३, झोपेचा खर्च १२०. एकूण १३३. शंभर रुपयांतले नव्वद आमची पेटी झोपेत उडवत होती. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण थेंबे थेंबे तळं रितंही होतं. रात्रभर ठिबकणारा नळ आपल्याला ऐकू तरी येतो. हा ठिबकणारा करंट ऐकूही येत नाही.

मग मे महिन्यात का चाललं?

कारण उन्हाने आमची चूक झाकली होती. १ वॅटचं ६ व्होल्टचं पॅनेल कडक उन्हात साधारण १६० मिलिअँपिअर देतं. टाकीजवळ आंब्याचं झाड आहे, सकाळ-संध्याकाळ सावली पडते. तरी मे महिन्यात दिवसाला चार तासांचं पूर्ण ऊन धरलं तर ६४०. त्यातले निम्मे गळतीत, उष्णतेत आणि चार्जिंगमध्ये गेले असं धरलं तरी ३२० हातात येतात. खर्च १३३. बॅटरी रोज दुपारपर्यंत भरलेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. दाट ढगांत दिवसभराचा उजेड गोळा केला तरी आमच्या सावलीतल्या पॅनेलला तो पूर्ण उन्हाच्या तासाभराएवढाच मिळाला असं धरू. १६० आले, निम्मे धरले तर ८०. खर्च तोच १३३. रोज ५३ ची तूट. २००० ला ५३ ने भागा, ३७ दिवस आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ३७ दिवस मोजले तर जुलैचा मध्य येतो. मुलांनी हे गणित फळ्यावर केलं तेव्हा वर्ग गप्प झाला. पेटी अचानक मेली नव्हती, ती पहिल्या पावसापासून रोज थोडी थोडी मरत होती.

पॅनेल पाहिलं तर त्यावर आंब्याचं एक ओलं पानही चिकटलेलं होतं. एकच पान, काय बिघडतं? बिघडतं. सिलिकॉनची एक सौरपट्टी साधारण अर्धा व्होल्ट देते. ६ व्होल्टसाठी अशा १२ पट्ट्या एकामागोमाग साखळीसारख्या जोडलेल्या असतात. साखळीतल्या सगळ्यात कमजोर कडीतून जेवढा करंट जाईल तेवढाच पूर्ण साखळीतून जातो. एक पट्टी झाकली गेली की बाकीच्या अकरांचीही वाट अडते. म्हणून पॅनेल सपाट न ठेवता तिरकं लावावं, म्हणजे पान, धूळ आणि पक्ष्यांची घाण पावसानेच धुऊन जाते. आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला असावं.

काय बदललं?

पॅनेल तेच ठेवलं, बॅटरीही तीच. चार गोष्टी बदलल्या.

एक, दिवा आणि यूएसबीची चिप असलेला बोर्ड काढून नुसतं ईएसपीचं मॉड्यूल घेतलं आणि त्याला झोपेत अगदी कमी करंट खाणारा रेग्युलेटर लावला. प्रोग्राम घालायचा तेवढ्यापुरतं बाहेरून संगणकाला जोडतो.

दोन, सेन्सरची वीज एका छोट्या ट्रान्झिस्टरमधून दिली. मोजायची वेळ आली की चिप त्याचा दरवाजा उघडते, मोजून झालं की बंद करते.

तीन, राउटरला जोडून घेण्यातच सगळा वेळ जात होता. दरवेळी दारावर थाप मारा, ओळख सांगा, मग आत या, असा प्रकार. आता पेटी राउटरला मध्ये न घेता थेट खालच्या डब्याला निरोप देते. या चिपमध्ये ईएसपी-नाऊ नावाची ती सोय आधीपासूनच होती, आम्हालाच ठाऊक नव्हती. ५ सेकंदांचं काम अर्ध्या सेकंदावर आलं.

चार, बॅटरीचा जीव बघून काम. निरोप पाठवण्याआधी पेटी आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजते. ३.७ च्या वर असेल तर दर १५ मिनिटांनी. त्याखाली गेलं तर तासाला एकदा. ३.४ च्याही खाली गेलं तर "मी दमले आहे" एवढा शेवटचा निरोप देऊन फक्त झोपायचं, ऊन येईपर्यंत.

हा चौथा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बॅटरी कमजोर असताना वायफाय सुरू झालं की क्षणभर करंटचा मोठा झटका लागतो. व्होल्टेज खाली पडतं, चिप बंद होते, पुन्हा सुरू होते, पुन्हा वायफाय लावते, पुन्हा पडते. या उठबशीत उरलीसुरली बॅटरी काही तासांत संपते. आजारी माणसाला धावायला लावण्यातला प्रकार. म्हणून व्होल्टेज बघूनच पाऊल टाकायचं आणि झटका सोसायला बॅटरीशेजारी एक मोठा कपॅसिटर लावायचा.

आता हिशोब बघा. कामाचा रोजचा खर्च साधारण १.१, झोपेतला करंट मोजला तर ०.०५ मिलिअँपिअर, म्हणजे रोजचा १.२. एकूण २.३. कुठे १३३ आणि कुठे २.३! भर पावसातले ८० सुद्धा आता भरपूर आहेत.

या निमित्ताने मुलांशी इस्राफबद्दल बोलणं झालं. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एका मुद्दाएवढ्या पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये येतं. नळ पूर्ण सोडून वुजू करणाऱ्याला टाकी मोठी करून दिली तरी ती संपणारच. १० वॅटचं पॅनेल आणलं असतं तर आम्हीही टाकी मोठी केली असती, नळ गळताच राहिला असता.

हिरवा दिवा खोटं का बोलला?

वीज संपणं ही अर्धी चूक. दुसरी अर्धी जास्त गंभीर होती. पेटी गप्प झाल्यावर खालच्या डब्याने शेवटचा निरोप धरून ठेवला. शेवटचा निरोप "टाकी भरली" असा होता, म्हणून दिवा हिरवाच राहिला. मेलेलं यंत्र सगळं ठीक आहे असं सांगत राहिलं आणि एका म्हाताऱ्या माणसाने त्यावर विश्वास ठेवला.

आता पेटीला हाजिरी लावावी लागते. दोन तास तिचा एकही निरोप आला नाही तर डब्यावरचे सगळे दिवे विझतात आणि पिवळा लुकलुकतो. त्याचा अर्थ, "मला माहीत नाही, स्वतः बघा." वर्गात न येणाऱ्या मुलाला हजर लिहायचं नसतं, ही साधी गोष्ट आम्ही शिक्षक असून विसरलो होतो.

मोठ्यांचाही हाच प्रश्न

मुलांना वाटत होतं की आपल्या खेळण्यातल्या पेटीचीच ही रड आहे. म्हणून त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. १७ मार्च १९५८ ला अमेरिकेने व्हॅनगार्ड-१ नावाचा छोटा उपग्रह सोडला. सौरपट्ट्या घेऊन अवकाशात गेलेला तो पहिला उपग्रह. त्यात दोन ट्रान्समीटर होते, एक बॅटरीवरचा १० मिलिवॅटचा आणि एक सहा सौरपट्ट्यांवरचा ५ मिलिवॅटचा. बॅटरीवाला जूनमध्येच गप्प झाला. निम्म्या ताकदीचा सौरवाला मे १९६४ पर्यंत बोलत राहिला. कमी खाणारा आणि रोज कमावणारा टिकला.

दुसरी गोष्ट आपल्या चंद्रयान-३ ची. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरलं. चंद्राची रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी असते. रात्र होण्याआधी इस्रोने प्रज्ञान रोव्हरची बॅटरी पूर्ण भरली, उपकरणं बंद केली, पुढच्या सूर्योदयाचं ऊन पडेल अशा बेताने पॅनेल ठेवलं आणि हाक ऐकायला फक्त रिसीव्हर चालू ठेवला. पुढे ते जागे झाले नाहीत. मुळात मोहीम एकाच चांद्रदिवसासाठी आखलेली होती, ती पूर्ण झाली होती. पण झोपवताना काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं, हा विचार तिथेही तोच होता.

तुम्हाला करायचं असेल तर

मशीद कमिटी, शाळा किंवा बागायतदार असा काही विचार करत असतील तर आमच्या अनुभवातल्या काही गोष्टी:

जवळ वीज असेल आणि सुरक्षितपणे तार नेता येत असेल तर तारच टाका. सौर आणि बिनतारी हे जिथे गरज आहे तिथेच.

हिशोब मे महिन्याचा करू नका, जुलैचा करा. पॅनेलला सगळ्यात वाईट महिन्यात काय मिळेल ते धरा आणि बॅटरी किमान पंधरा दिवस बिनउन्हाची काढेल अशी घ्या.

घेण्याआधी दुकानदाराला किंवा बनवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "झोपेत किती करंट खातं?" उत्तर मिलिअँपिअरमध्ये आलं तर सावध व्हा, मायक्रोअँपिअरमध्ये आलं तर पुढे बोला. आणि सांगितलेल्या आकड्यावर थांबू नका, मल्टिमीटरने मोजून घ्या.

बाग मोठी असेल, अंतर किलोमीटरमध्ये असेल तर वायफाय पुरणार नाही. त्यासाठी लोरा नावाची पद्धत आहे. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी बिनपरवाना खुला आहे. ती हळू बोलते पण लांब पोचते आणि कमी खाते.

खोलीच्या आत सौर पॅनेलवर फार आशा ठेवू नका. बाहेरचं कडक ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं, ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स. डोळ्याला फरक तेवढा जाणवत नाही, पॅनेलला पुरेपूर जाणवतो. कॅल्क्युलेटर त्यावर चालतो, कारण तो जवळजवळ काहीच खात नाही.

लिथियम बॅटरीशी खेळ नको. चार्जिंग थांबवणारं आणि जास्त उतरू न देणारं संरक्षण सर्किट असलेलीच घ्या. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल मुलांच्या हातात देऊ नका. ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी चार्ज होऊ नये, म्हणून ती पॅनेलच्या मागे सावलीत, हवा खेळेल अशी ठेवा. टाकीवर चढण्याचं काम मोठ्या माणसाने करावं, मुलांनी खालीच थांबावं.

आणि पालकांना एक विनंती. मुलं घरात काही उघडून बसली, स्क्रू सांडले, तर लगेच रागावू नका. लाल दिव्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला घरी "हे मुलांचं काम आहे" असं ऐकावं लागत होतं. त्या संध्याकाळनंतर तिचे अब्बा स्वतः तिच्यासाठी मल्टिमीटर घेऊन आले.

पेटी परत टाकीवर बसवून आता एक पूर्ण पावसाळा झाला. अल्हम्दुलिल्लाह, एकही दिवस बंद पडली नाही. चाचा अजूनही आठवड्यातून एकदा, ऊन असेल तेव्हा, कोणाला तरी शिडीवर चढवून टाकी बघायला लावतात. आम्ही विचारलं, आता कशाला? ते हसून म्हणाले, "मास्तर, दिव्यावर भरवसा आहे. पण मोजून बघा, हे तुम्हीच शिकवलंत ना."